उत्तर: दिव्यांग डबा आहे, मग अडचण काय?

मुंबई लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबा आहे, बसायला मिळतं, मग अडचण काय, असं कुणी विचारलंय. डब्यात बसायला मिळतं, हे मान्य. पण अडचण चढतानाच असते. एका हातात कुबडी, दुसऱ्यात चार वर्षांची लेक; दांडा धरायचा कशाने? तिला आधी चढवलं आणि गाडी सुटली तर? मी आधी चढले तर ती फलाटावर! म्हणून ट्रान्सहार्बरला (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) ठाण्याहूनच बसते. गाडी तिथूनच सुटते, ९-१० नंबर फलाटावर जरा थांबते, घाई होत नाही. परतताना नेरूळला मात्र जीव टांगणीला.

रेल्वेच्या सवलतीत दिव्यांगाच्या सोबत्याचा विचार आहे, पण तो सोबती दिव्यांगाला सांभाळणारा. दिव्यांगच पोर सांभाळत निघालाय, हे कुणाच्या डोक्यातच नाही. बाकी लेकीला पाच वर्षांची होईपर्यंत तिकीट नाही, तेवढंच बरं.