मदत हवी आहे : वॉर्डात गेल्यावर ओएमटी (हाताने करायचे ऑस्टिओपॅथिक उपचार) का सुटतं, हे मुलांना नेमकं कसं विचारावं?

नमस्कार मंडळी,
अमेरिकेतल्या डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी) कॉलेजांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी हा प्रश्न. पहिली दोन वर्षं मुलं लॅबमध्ये हाताने उपचार शिकतात. तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेली की बऱ्याच जणांचा हात थांबतो. याला आळस म्हणणं मला पटत नाही. वरचे डॉक्टर अनेकदा एमडी (म्हणजे नेहमीच्या वैद्यकीय पदवीचे, ओएमटी न शिकलेले) असतात, वेळ नसतो, चूक दाखवणारं कुणी नसतं.

आणि चुका बारीक असतात. काउंटरस्ट्रेनमध्ये (शरीर आरामाच्या स्थितीत धरून आखडलेला स्नायू सैल करायची पद्धत) दुखऱ्या बिंदूचं सुरुवातीचं दुखणं 10 धरायचं, ते 3 किंवा त्याखाली येईल अशी स्थिती शोधायची, 90 सेकंद थांबायचं, मग अगदी सावकाश मूळ जागी आणायचं. मुलं मध्येच बोट उचलतात. मग आपण तोच बिंदू पुन्हा तपासतोय का, हेच कळत नाही. नाहीतर झटकन परत आणतात आणि स्नायू पुन्हा आखडतो. मसल एनर्जीत (पेशंट आपल्या हाताविरुद्ध दाब देतो ती पद्धत) मुलं पेशंटला खूप जोर काढायला लावतात; 3 ते 5 सेकंदांचा हलका दाब पुरतो.

मला प्रश्नावली करायची आहे. ‘ओएमटीवर विश्वास आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी वाटतो. उपयोगाबद्दलचं मत, स्वतःच्या हाताची खात्री आणि मिळालेली संधी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेनियलबद्दलची (कवटीवर हलक्या हाताने करायच्या उपचाराबद्दलची) शंकाही वेगळी विचारायला हवी, नाहीतर ती सगळ्या उपचारांवर पसरते.

कुणी असे प्रश्न वापरलेत का? शब्दरचना कशी ठेवली? आणि खाटेवरच्या पेशंटसाठी सुरुवात रिब रेझिंगने (बरगड्या हाताने हलके उचलण्याच्या उपचाराने) करून घ्यावी का?