बीएसएच्या वेलमध्येही पेशी चिकटतात, मग फायब्रोनेक्टिनचा परिणाम मोजायचा कसा?

सूक्ष्मदर्शी:
९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) चिकटण्याची चाचणी आहे. फायब्रोनेक्टिन (पेशी जिला धरून चिकटतात ते प्रथिन) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर १ तास. नंतर उरलेली जागा झाकायला १ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) अर्धा तास. पेशी ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने) सोडवून १० टक्के सीरमच्या (रक्तद्रवाच्या) मीडियात, वेलमागे ३० हजार, ३ तास. क्रिस्टल व्हायोलेट रंगाचं रीडिंग फायब्रोनेक्टिन, नुसतं बीएसए आणि पॉलिलायसिन, तिन्हींत जवळपास सारखं. फायब्रोनेक्टिन खराब झालंय का?

तंतुजाल:
फायब्रोनेक्टिनवर संशय घेण्याआधी सीरम काढा. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि विट्रोनेक्टिन ही पेशी चिकटवणारी प्रथिनं दोन्ही असतात. बीएसएच्या थरात जिथे फट असेल तिथे ती जाऊन बसतात आणि पेशीला धरायला आरजीडी (त्या प्रथिनांतला तीन अमिनो आम्लांचा क्रम) मिळतो. त्यात ३ तास म्हणजे फार झाले. तेवढ्यात फायब्रोब्लास्ट स्वतःचं फायब्रोनेक्टिन बाहेर टाकायला लागतात. मग तुम्ही मोजताय ते पेशींनीच अंथरलेलं.

ट्रिप्सिन सीरमऐवजी सोयाबीनच्या ट्रिप्सिन इनहिबिटरने थांबवा, पेशी सेंट्रिफ्यूज करून सीरमविरहित मीडियात घ्या आणि २० मिनिटं ३७ अंशांवर, मधूनमधून हलवत, सावरू द्या. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागावरची प्रथिनंच कातरली जातात. प्लेटवर ३० ते ४५ मिनिटं पुरेत.

बीएसए ८५ अंशांवर १० मिनिटं तापवून, थंड करून वापरा. न तापवलेलं बीएसए पृष्ठभाग नीट झाकत नाही. आणि फायब्रोनेक्टिन व्होर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका, गुठळ्या होतात.

बीटा_एक:
सीरमचं बरोबर. पण पॉलिलायसिनचं रीडिंग तेवढंच आलं तर त्यात बिघाड नाही. तिथे पेशी विद्युतभाराने चिकटतात, इंटिग्रिन (आरजीडीसारख्या जागा धरणारं पेशीवरचं प्रथिन) लागत नाही. तो वेल ‘टाकलेल्या जवळपास सगळ्या पेशी चिकटल्या तर रीडिंग किती’ हे दाखवायला ठेवा आणि बाकीचं त्याच्या टक्केवारीत मांडा.

इंटिग्रिनची खात्री ईडीटीएने (धातूंचे आयन बांधून ठेवणाऱ्या रसायनाने) होते. ५ मिलिमोलर घातल्यावर फायब्रोनेक्टिनवरचं चिकटणं कोसळलं पाहिजे, कारण मॅग्नेशियम किंवा मँगनीजसारख्या आयनाशिवाय इंटिग्रिन धरतच नाही. याच कारणाने पेशी ईडीटीएत सोडवल्या असतील तर तो धुऊन टाका. शेवटचं धुणंही कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने), वेलच्या कडेवरून हळूच. मल्टिचॅनल पिपेटने मधोमध धार सोडली की पेशी उडतात आणि रीडिंग वेलगणिक नाचतं.

आणखी एक: क्रिस्टल व्हायोलेट चिकटलेल्या पेशी मोजतं, पसरलेल्या नव्हे. रंगवण्याआधी फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल, चमकदार पेशी नुसत्या टेकलेल्या असतात; पसरायला पेशीच्या आतली टॅलिन, किंडलिन ही प्रथिनं आणि अॅक्टिनचं जाळं जुळावं लागतं.

सूक्ष्मदर्शी:
म्हणजे दोष सीरमचा आणि वेळेचा. स्वतःचं फायब्रोनेक्टिन थांबवायला सायक्लोहेक्झिमाइड (प्रथिननिर्मिती रोखणारं औषध) घालावं का? आणि पुढे कोलॅजन-१ वर हेच करायचं आहे, आरजीडी पेप्टाइडने अडवून.

तंतुजाल:
४५ मिनिटांच्या चाचणीला सायक्लोहेक्झिमाइडची गरज नाही. पसरणं दोन-तीन तास बघायचं असेल तर घाला.

बीटा_एक:
कोलॅजनवर आरजीडी पेप्टाइड चालणार नाही. अखंड तिपेडी कोलॅजनला अल्फा२बीटा१ आणि अल्फा१बीटा१ ही इंटिग्रिनं धरतात, त्यांची ओळखीची जागा वेगळी आहे. तिथे अल्फा२ किंवा बीटा१ वर काम करणारी, चिकटणं रोखणारी अँटिबॉडी लागेल. आरजीडीने कोलॅजनवरचं चिकटणं अडलंच, तर आधी कोलॅजन तपासा: तापून त्याचं जिलेटिन झालं की आत दडलेले आरजीडी उघडे पडतात. कोलॅजन पातळ अॅसेटिक अॅसिडमधून लावत असाल तर पेशी टाकण्याआधी पीबीएसने दोन-तीनदा धुवा, नाहीतर उरलेल्या आम्लानेच पेशी मरतात.

फायब्रोनेक्टिनसाठी मात्र आरजीडी ठीक, सोबत आरजीई पेप्टाइड (एक अमिनो आम्ल बदललेलं, इंटिग्रिन न धरणारं) नियंत्रण म्हणून तेवढ्याच मात्रेत ठेवा.