जेरेमी ब्रेट: होम्सने नट घडवला की गिळला?

पावसाळी_दुपार
ब्रिटनच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनची 'शेरलॉक होम्स' मालिका पुन्हा बघायला घेतलीय. १९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग. होम्सच्या भूमिकेत जेरेमी ब्रेट अफाट आहे, वादच नाही. पण दर वेळी तीच चुटपुट लागते, की या होम्सपायी रंगभूमीचा एक चांगला नट हातचा गेला. लॉरेन्स ऑलिव्हिए या दिग्गज नटाच्या नॅशनल थिएटरमध्ये तयार झालेला माणूस. १९७० साली शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ऑलिव्हिए शायलॉक आणि हा बसानिओ. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला रंगमंचावर चक्क होम्सचा मित्र वॉटसन, आणि होम्स कोण, तर चार्ल्टन हेस्टन! एवढा पल्ला असलेला नट शेवटची दहा वर्षं होम्सच्या बेकर स्ट्रीटवर अडकून पडला. पटतंय का?

जुना_पडदा
नाही पटत. बसानिओ म्हणजे काय, देखणा प्रेमवीर. 'माय फेअर लेडी' सिनेमातला फ्रेडीही तोच, त्यात गाण्याला आवाज दुसऱ्याचा. पन्नाशीपर्यंत या माणसाला बहुतेक त्याच्या चेहऱ्यावरच कामं मिळाली. डोक्यावर मिळालेलं काम म्हणजे होम्स. तो नसता तर आज हा धागा कुणी काढला असता?

तिसरी_घंटा
माझी तक्रार वेगळीच आहे. मला तो अतिनाटकी वाटतो. मधेच "हा!" करून ओरडणं, हात हवेत फेकणं, सोफ्यावरून उडी काय, जमिनीवर रांगणं काय. अहो, कॅमेरा दोन हातांवर आहे, बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी कशाला खेळायचं?

भिंगवाला
@तिसरी_घंटा, होम्स स्वतःच नाटक्या आहे हो! सोंगं घेतो, गुपित शेवटपर्यंत राखून मग पडदा उघडल्यासारखं सांगतो. रांगणंही मूळ कथांतलंच. ब्रेटने होम्सच्या सवयींची ७७ पानांची फाइल केली होती, कसा खातो, कसा बसतो इथपर्यंत. आणि फक्त उड्याच कशा दिसल्या? त्याचं हसू बघा. क्षणभर ओठ ताणले जातात आणि लगेच दिवा विझवल्यासारखं सगळं बंद. बाल्कनीतून ते दिसलंही नसतं.

पावसाळी_दुपार
@जुना_पडदा, मग हे सांगा. १९८८-८९ मध्ये तो लंडनच्या वेस्ट एंडला, विंडहॅम्स थिएटरात रंगभूमीवर परतला, तेव्हा नाटक कुठलं? होम्सचंच! दोन पात्रं, होम्स आणि वॉटसन, समोर मालिकेतलाच वॉटसन, एडवर्ड हार्डविक. याला गिळणं नाही तर काय म्हणायचं?

जुना_पडदा
ते नाटक ब्रेटनेच जेरेमी पॉलकडून लिहून घेतलं होतं. माणूस स्वतःच ताट वाढून घेतोय आणि तुम्ही म्हणताय उपाशी ठेवला.

सहज_सुचलं
वाद ठीक आहे, पण त्याच्या प्रकृतीचं कुणीच बोलत नाही. १९८५ मध्ये बायको जोन विल्सन गेली. मग बायपोलर हा मनाचा आजार, त्यावर लिथियमच्या गोळ्या, त्यात हृदय आधीच कमकुवत. शेवटच्या भागांत तो सुजलेला दिसतो, धाप लागलेली कळते. 'मॅझरिन स्टोन'मध्ये तर त्याची तब्येत इतकी बिघडली की तपास होम्सच्या भावाच्या, मायक्रॉफ्टच्या गळ्यात घातला. १२ सप्टेंबर १९९५ ला गेला, वय अवघं ६१. मला ते भाग बघवत नाहीत. कुणीतरी आधीच थांबवायला हवं होतं.

भिंगवाला
बघवत नाहीत हे खरं. पण 'डेव्हिल्स फूट' (१९८८) हा भाग बघाच. लहान मुलं मालिका बघतात म्हणून होम्सचं कोकेन सुटलेलं दाखवावं, असा ब्रेटचा आग्रह. होम्सचा लेखक कॉनन डॉइलच्या मुलीची परवानगी घेतली आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर होम्स सिरिंज वाळूत पुरतो. मूळ कथेत हे नाही. भूमिकेने गिळलेला नट भूमिकेची सवय मोडायला जातो का?

तिसरी_घंटा
हे माहीत नव्हतं. बघतो. "हा!" मात्र अजूनही खटकतं.

पावसाळी_दुपार
वाळूचा मुद्दा मान्य, अर्धा. पण 'मर्चंट'चा तो प्रयोग १९७३ मध्ये टीव्हीसाठी चित्रित झालाय. आधी त्यातला बसानिओ बघा, मग "नुसता चेहरा" म्हणा.

जुना_पडदा
बघितलाय. ऑलिव्हिए लक्षात राहिला.