मदत हवी आहे: पेंटबॉलच्या हवेच्या बाटल्या शेतावरच कशा भरायच्या?

शिवारफेरी:
नमस्कार मंडळी. खुलताबाद-वेरूळ रस्त्याला कृषी पर्यटनाच्या जागेवर पेंटबॉल (हवेच्या दाबानं रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ) सुरू करायलोय. सामान असं : मार्कर (गोळ्या मारायच्या बंदुका) ८, ॲल्युमिनियमच्या बाटल्या ८. सगळ्या बाटल्या ४८ घनइंच, ३००० पीएसआय दाबाच्या, वर दाब कमी करून सोडणारा रेग्युलेटर, भरायला ८ मिमीचं क्विक निपल (हवा आत घ्यायचं तोंड). सुट्टीच्या दिवशी साधारण ४० जण धरलेत, माणशी १०० गोळ्या. म्हणजे दिवसाला ४० वेळा बाटली भरणं आलं.
पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर काही जमतं का? हातपंप चालेल का? का सरळ तो बादलीतल्या पाण्यावर थंड होणारा छोटा हायप्रेशर कॉम्प्रेसर मागवू? लाइट सिंगल फेज आहे, दुपारी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. जाणकारांनी सांगावं.

बालाघाटी:
पंक्चरवाल्याचं विसरा दादा. त्याची टाकी ८ ते १० बारला कट होते, तुमच्या बाटलीला २०७ बार पाहिजे (३००० पीएसआय म्हणजे तेवढेच). ट्रॅक्टरचं चाक भरलं म्हणून बाटली भरत नसते.
हातपंपानं दाब येतो, वेळ मात्र पुरत नाही. ४८ घनइंच म्हणजे ०.७९ लिटर. ती रिकामीपासून २०७ बारला न्यायला बाहेरची १६० लिटरच्या वर हवा आत कोंबावी लागते. तीन टप्प्यांचा पंप एका दट्ट्याला दीडशे मिली हवा घेतो असं धरलं तरी हजारावर दट्टे झाले. शिवाय दर पाच-सात मिनिटांनी पंप थंड होऊ द्यायचा, नाहीतर आतल्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) जळतात. आठवड्यात उतरलेली एखादी बाटली वर न्यायला ठीक आहे. धंद्याला नाही.

दाबमीटर:
काय घ्यायचं ते नंतर. आधी तो ४० चा आकडा खोडा, सगळी गडबड तिथं आहे. तुम्ही माणसं मोजलीत. मोजायच्या गोळ्या.

तुमच्या बाटलीचा रेग्युलेटर बहुधा ८०० ते ८५० पीएसआय बाहेर देतो, म्हणजे साधारण ६० बार. बाटली त्याच्या खाली गेली की गोळी ढेपाळते. म्हणून कामाची हवा २०७ वजा ६०, म्हणजे १४७ बार. त्याला ०.७९ नं गुणा, ११६ लिटर. ४८/३००० मधून ४५० च्या आसपास गोळ्या निघतात, म्हणजे गोळीमागं पाव लिटर हवा. तुमच्या ४००० गोळ्यांना १००० ते १०५० लिटर लागतील. बाटल्यांच्या भाषेत दिवसाला ९ भरण्या. त्यातल्या ८ तर सकाळी मैदान उघडायच्या आधीच भरलेल्या असतील!

एवढ्यासाठी पहिल्याच दिवशी कॉम्प्रेसर कशाला? श्वासोच्छ्वासाच्या हवेचे सिलिंडर घ्या, अग्निशमनवाले पाठीला लावतात ते. ६.८ लिटर, ३०० बार, दोन नग. एका सिलिंडरमधून ३०० वरून २०० ला येईपर्यंत तुमच्या ६० बारवर आलेल्या बाटल्या पूर्ण भरता येतात. कागदावर ६ बसतात, हातात ५ येतात. कारण २०० च्या वर हवा सरळ हिशेबानं दबत नाही. ३०० बारला सिलिंडरमध्ये साध्या गुणाकारापेक्षा दहाएक टक्के कमी हवा मावलेली असते. दोन सिलिंडरांच्या १० भरण्या झाल्या, दिवस निघाला. वर दोन्हीत २०० बार शिल्लक. त्यावर अर्धवट उतरलेल्या बाटल्या वर करत राहायच्या, फक्त कमी दाबाच्या सिलिंडरवर आधी लावायचं आणि राहिलेलं जास्त दाबाच्यावर. उलटं केलं तर चांगला सिलिंडर फुकट उतरतो.

भरून आणायला अग्निसुरक्षा साहित्यवाले गाठा. वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या स्टीलच्या पट्ट्यात कारखान्यांना हे सिलिंडर ठेवावे लागतात, म्हणजे भरून देणाराही असतोच. विचारताना ‘३०० बार, श्वासोच्छ्वासाची हवा’ असं सांगा. ‘पेंटबॉल’ म्हटलं की समोरचा रंगाच्या दुकानाचा पत्ता देतो.

वाळूज_शिफ्ट:
दाबमीटर यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक खड्डा आहे आणि तो कुणी सांगितला नाही तर माणूस जाईल.

सिलिंडर ३०० बारचा, बाटली २०७ ची. मध्ये अडवायला काय आहे? काहीच नाही. लोक म्हणतात बर्स्ट डिस्क (दाब फार चढला की फुटून हवा सोडणारी चकती) आहे ना. ३००० च्या बाटलीवर हायप्रेशर बाजूची डिस्क ५००० पीएसआयची असते. तुमचा भरलेला सिलिंडर ४३५० चा. म्हणजे सिलिंडरची चाकी उघडी ठेवून कुणी चहाला गेलं तर बाटली कामाच्या दाबाच्या सव्वापटीच्या वर जाऊन बसेल आणि डिस्क हूं की चूं करणार नाही. म्हणून भरायच्या लाइनीत २०० बारला बांधलेला रेग्युलेटर किंवा २२० ला सुटणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा. फक्त ‘मी लक्ष ठेवतो’ यावर आठ बाटल्या भरू नका.

लाइनीत एवढं लागतं : सिलिंडरच्या तोंडाला जी-५/८ डिन फिटिंग (आट्यांनी बसणारा जोड), ३०० बारचं. स्कुबावाल्यांचा (पाणबुड्यांचा) शिकंजा वापरू नका, तो २३२ बारपर्यंतचाच असतो. मग वर सांगितलेला रेग्युलेटर, बारीक नळीचा हायप्रेशर होज, ०-४०० बारचा मीटर, दाब सोडायचा स्क्रू आणि शेवटी बाटलीच्या निपलावर बसणारा ८ मिमीचा क्विक कपलर. हायड्रॉलिकचा, जेसीबीचा पाइप ‘दाब सोसतो’ म्हणून लावू नये. त्याच्या आत तेल असतं.

तेलाचं एवढं का? निपलात ग्रीस नाहीतर तेलाचा थेंब असेल आणि चाकी झटक्यात उघडली तर तिथली हवा एका क्षणात दबते, तापते आणि थेंब पेटतो. डिझेल इंजिनात होतं तेच. निपल कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं, बस्स. मार्करच्या ओ-रिंगांना लावायचं सिलिकॉन ग्रीसही निपलाच्या आसपास नको.

भरताना : डोळ्याला चष्मा. दाब सोडायचा स्क्रू बंद. कपलर टिच्च बसू द्या. सिलिंडरची चाकी इतकी हळू उघडा की हवा कुजबुजली पाहिजे, किंचाळली नाही पाहिजे. एक बाटली तीन-चार मिनिटं घेऊ द्या. हाताला कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर घाई झाली. घाईत ५० अंशाला तापलेली बाटली २०० बार दाखवते, ३० अंशाला आली की १८८. मग गिऱ्हाईक म्हणतं, हवा मारली. भरून झालं की आधी सिलिंडरची चाकी बंद, मग स्क्रूनं लाइन मोकळी, मग कपलर.

बाटली पाण्याच्या बादलीत बुडवून थंड ठेवायची एक जुनी टूम आहे. करू नका. निपलात राहिलेलं पाणी पुढच्या भरणीला आत जातं.

तळटीप:
एवढा कुटाणा कशाला? वेल्डिंगवाल्याकडं ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर कुठंही मिळतो, १५० बार असतो. त्यावरून भरा की. हवेत पण ऑक्सिजनच आहे.

वाळूज_शिफ्ट:
तळटीप, हा सल्ला कृपा करून कुणी घेऊ नये. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली तेल, ग्रीस, ओ-रिंगचं रबर, बारीक धातूचा कीस काहीही पेटवतो, आणि मार्कर म्हणजे ग्रीस लावलेल्या ओ-रिंगांचं गाठोडं. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हवर ‘तेल लावू नका’ लिहिलेलं असतं ते शोभेला नाही.

दाबमीटर:
मोठा सिलिंडरच हवा असेल तर नायट्रोजन. न पेटणारा, कोरडा, मार्करला हवेइतकाच चालतो. ४६.७ लिटरचा ७ घनमीटरचा सिलिंडर १५० बारला येतो. त्यावर ३००० ची बाटली पूर्ण भरणारच नाही, २२०० च्या आत राहील आणि सिलिंडर उतरेल तशी भरणीही उतरेल. तरी १०० बारपर्यंत उतरू दिला तर २३०० लिटर मिळतात, तुमच्या दोन दिवसांचं काम. फक्त बाटल्या जास्त वेळा बदलायची तयारी ठेवा, कारण १२५ बारच्या बाटलीत दोनशेच गोळ्या निघतात. आणि बंद खोलीत नायट्रोजन सोडू नका. वास येत नाही, माणूस गुंगीत जातो. पत्र्याची शेड, दोन्ही बाजू उघड्या, सिलिंडर साखळीनं खांबाला बांधलेला.

कार्बन डायऑक्साइडचंही कुणीतरी विचारेलच. आपल्या उन्हात तो कामाचा नाही. ३१ अंशांच्या वर त्याचं द्रव उरतच नाही आणि दाब वाटेल तसा चढतो. वैशाखात ४२ अंशाला पहिली गोळी आणि विसावी गोळी वेगळ्या वेगानं जाणार. त्याची बाटली १८०० पीएसआयची असते. तिच्यात हवा ३००० ला भरायचा विचार स्वप्नातही नको.

शिवारफेरी:
बाप रे. ४० चे ९ झाले, हे लईच बरं झालं. दोन सिलिंडरच घेतो. पण पुढं गर्दी वाढली तर कॉम्प्रेसरचं काय? आणि सरकारी नियम काही?

ओरिंगवाला:
कॉम्प्रेसरवर मी लिहितो.

व्होल्टेज आधी. मोटारीची ओढ व्होल्टेजच्या वर्गानं पडते. २३० ला शंभर धरली तर १८० ला साठच्या जरा वर. छोट्या कॉम्प्रेसरची १८०० वॅटची मोटार शेवटच्या १०० बारला सगळ्यात जास्त रडते, नेमकी तिथंच अडकेल आणि वाइंडिंग जळेल. सकाळी लवकर व्होल्टेज चांगलं असतं तेव्हा चालवा, नाहीतर मीटर २१० च्या खाली दिसला की बंद. लाइनीत दाब असताना मोटार परत चालू करू नये. आधी दाब सोडायचा स्क्रू उघडा, मग स्टार्ट, मग स्क्रू बंद.

पाणी. बोअरचं पाणी वापरलंत तर आपल्याकडच्या क्षारानं हेडमधली बारीक वाट दोन उन्हाळ्यांत बुजेल. लग्नात येतो तो २० लिटरचा थंडगार जार आणा, तेच पाणी बादलीत फिरवा. कोमट झालं की बदला.

आता आतलं पाणी, हे सगळ्यात दुर्लक्षित. पावसाळ्यात ३० अंश आणि ६० टक्के दमट हवेत घनमीटरला १८ ग्रॅम पाणी असतं. एका बाटलीच्या १६० लिटर हवेत जवळजवळ ३ ग्रॅम. २०० बारला दाबलेली हवा त्यातलं चिमूटभरच धरून ठेवते, बाकी सगळं पाणी होऊन बाटलीत. दहा भरण्यांचे ३० ग्रॅम, दोन मोठे चमचे. ॲल्युमिनियमला आतून बुरशीसारखा पांढरा गंज धरतो, रेग्युलेटर खरखरतो, मार्करच्या आत सायीसारखं ग्रीस दिसतं. म्हणून दर पाच मिनिटांनी ड्रेनचा स्क्रू उघडून फुस्स करा. पांढरं, दुधी पाणी येईल. त्यापुढं मॉलिक्युलर सीव्हचा (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर लावा. नुसता कापसाचा बोळा असतो तो तेल धरतो, वाफ नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत हा त्रास निम्म्याहून कमी, आषाढात दुप्पट लक्ष.

तेल कॉम्प्रेसर बनवणारा सांगेल तेच. ट्रॅक्टरच्या इंजिनचं उरलेलं तेल ओतणारे आहेत, म्हणून लिहिलं. पहिल्या काही तासांनंतर तेल बदला, त्यात धातूचा कीस आलेला असतो.

दाबमीटर:
नियमांचं : गॅस सिलिंडर रूल्स २०१६ खाली ५०० मिलीच्या वरचं भांडं सिलिंडर धरलं जातं. तुमची बाटली ७९० मिलीची, म्हणजे आलीच. ते खातं पेसो (केंद्र सरकारचं स्फोटक सुरक्षा खातं), मुख्यालय नागपूरला. आयात केलेल्या बाटल्या असतील तर बिल, चाचणीचे कागद जपा, आणि धंदा म्हणून भरणार असाल तर आधी त्यांना लेखी विचारा. अमेरिकी डॉटचा (तिथल्या वाहतूक खात्याचा) शिक्का असलेल्या या बाटलीला दर ५ वर्षांनी पाण्याची दाबचाचणी लागते, तारीख खांद्यावर कोरलेली असते. कोच पडलेली, खोल ओरखडा असलेली, आगीजवळ राहिलेली बाटली चाचणीची वाट न बघता बाजूला काढा.

आणि उन्हात गाडीत ठेवू नका. २५ अंशाला ३००० भरलेली बाटली ६० अंशाच्या गाडीत ३३५० वर जाते. एप्रिल-मेमध्ये २८०० लाच थांबा.

शिवारफेरी:
एका ओळखीच्याच्या बाटल्या भरून सराव करून बघितला. दोन अडचणी. भरल्यावर कपलर निघेना. दुसरं म्हणजे एक बाटली रात्रभरात २०० पीएसआय उतरली.

वाळूज_शिफ्ट:
कपलर दाबाखाली निघतच नाही, ओढू नका, पाना तर मुळीच नको. लाइन मोकळी करायची राहिली असेल. सिलिंडर बंद, स्क्रू पूर्ण उघडा, मीटर शून्यावर येऊ द्या. शून्यानंतरही अडला तर कपलरची कॉलर होजच्या बाजूला मागं ओढून थोडा फिरवा.

गळतीसाठी साबणाचं पाणी घ्या, भांड्याची साबणवडी चालते. तीन जागी थेंब टाका. निपलाच्या तोंडातून बुडबुडे आले तर आतल्या झडपेवर धूळ आहे. एकदा थोडी हवा भरून सोडून बघा, बऱ्याचदा धूळ उडून जाते. नाहीच गेली तर बाटली पूर्ण रिकामी करून निपल बदलायचं. मीटरच्या पायाशी आले तर मीटर बदला, आवळत बसू नका. रेग्युलेटर आणि बाटलीच्या जोडात आले तर ती ओ-रिंग तुमच्या हातची नाही, रेग्युलेटर उतरवणाऱ्याकडे द्या. मार्करला लावल्यावरच सीऽऽ येत असेल तर बाटलीच्या तोंडावरची ०१५ नंबरची ओ-रिंग फाटली आहे. पॉलियुरेथेनच्या पंचवीस-तीस आणून ठेवा, गिऱ्हाईक बाटली आडवी-तिडवी फिरवतं आणि ती रोज कापली जाते.

आणि रात्रभरात २०० उतरली म्हणता ती भरल्यावर हाताला गरम होती का ते आधी सांगा. होती, तर गळती नाहीच कुठं. बाटली नुसती थंड झाली.