पुस्तक वाचून धार काढता येते का?

बांधावरचा (धागाकर्ता)

'एकांडा शिलेदार' यांचा परवाचा लेख वाचला आणि दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार एवढंच: स्वावलंबी जगणं शिकायला माणसं लागत नाहीत, १४ निवडक पुस्तकं लागतात. ती ओळीने वाचायची, वहीत टिपणं काढायची, की बाग, शेळ्या, साबण, साठवण सगळं 'आत्मसात' होतं आणि दुसऱ्या वर्षी घरखर्च निम्म्यावर येतो. खाली टाळ्यांचा पाऊस. टाळ्या वाजवणाऱ्या हातांपैकी किती हातांनी कधी शेण उचललंय, हे विचारायचा मोह आवरतो.

मी शेळ्या पाळतो, आणि सुरुवात पुस्तकावरूनच केली होती. धार काढण्यावर त्यात दीड पान होतं. अंगठा आणि तर्जनीने सड वरच्या बाजूला आवळायचा, म्हणजे दूध परत कासेत चढत नाही, मग उरलेली बोटं वरून खाली एकेक करून मिटायची, ओढायचं नाही. शब्दन् शब्द बरोबर आहे, आजही मी तसंच करतो. पण पहिल्या दिवशी पाऊण तासात वाटीभर दूध निघालं आणि त्यात शेळीने पाय घातला. चौथ्या दिवशी ती पान्हा चोरायला लागली. आठव्या दिवशी कास गरम आणि टणक. दूध आत राहिलं की कासदाहाचा धोका वाढतो हेही त्याच पुस्तकात होतं. फक्त ९० पानं पुढे, रोगांच्या प्रकरणात. तिथवर मी पोचलो नव्हतो.

शेवटी ओळखीतल्या एक आजी आल्या. त्यांनी माझा हात सडावर ठेवला आणि वरून आपला. बोटं माझी, दाब त्यांचा. दहा मिनिटांत कळलं की मी करत होतो ते बरोबर होतं, पण निम्म्या जोराने आणि चौपट सावकाश. आता सांगा, 'किती जोराने' हे दीड पानात कुठे लिहिणार?

धार काढणं आणि धार लावणं, दोन्हींची आकृती काढता येते, पण आकृती पाहून येतं त्यातलं काहीच नाही. (एक चांगला विळा मी आकृती बघून बाद केलाय. तो किस्सा पुन्हा कधीतरी.) माझा राग पुस्तकांवर नाही. 'आत्मसात' या शब्दावर आहे.

एकांडा शिलेदार

दोन दिवस गप्प राहिलात त्याबद्दल आभार. तिसराही दिवस चालला असता.

तुमच्याकडे आजी होत्या. ज्याच्याकडे नाहीत त्याने काय करायचं? मी सुरुवात केली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, आणि जे होते ते हसायचे. माझा खताचा ढीग सहा महिने थंडगार पडून होता. 'जाणकारां'पैकी एकाने सांगितलं पाणी जास्त झालंय, दुसऱ्याने कमी झालंय, तिसऱ्याने जागा चुकली. तिघांचाही अनुभव दांडगा. मग एका पुस्तकात वाचलं की ढिगात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ लागतं. माझ्या ढिगात निम्म्याहून जास्त लाकडाचा भुसा होता, म्हणजे नुसता कर्ब. ताजं कापलेलं गवत आणि शेण मिसळलं, ढीग मीटरभर उंच-रुंद रचला. तीन दिवसांत आतलं तापमान ६० अंशांवर गेलं, हात घालवेना. या तिघांपैकी कुणी हे का सांगू शकलं नाही? त्यांना जमत होतं, पण का जमतंय ते त्यांना माहीत नव्हतं.

खुरपं

दोघांचंही चालू द्या, पण पुस्तकाचा लेखक राहतो कुठे हे कुणीच कसं विचारत नाही? माझं जुनं दुखणं आहे, सहन करा. मी पुस्तकात गौरवलेल्या जातीचं कांद्याचं बी मुद्दाम मिळवलं, लावलं, नखाने तण काढलं. पात अशी झाली की फोटो काढावेत. खाली गड्डा शून्य. पुढे कळलं की कांदा दिवसाच्या लांबीवर गड्डा धरतो. ती जात १४ तासांहून मोठ्या दिवसाची, म्हणजे विषुववृत्तापासून लांबची. माझ्याकडे एवढा मोठा दिवस उगवतच नाही, तर बिचारी वाट बघत बसली. पुस्तकात नुसतं लिहिलं होतं 'वसंतात लावा'. कुणाच्या वसंतात? पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात तेव्हा शरद असतो!

निरुद्योगी

काटकसर शिकायला १४ पुस्तकं विकत घेतली, या वाक्यावर कुणीच हसलं नाही म्हणून मी हसून घेतो. या सगळ्यांचे आद्यगुरू म्हणजे तळ्याकाठी झोपडी बांधून एकटा राहिलेला अमेरिकी लेखक थोरो. १८५४ च्या 'वॉल्डन'मध्ये झोपडीचा हिशोब दिलाय, २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यात जागेचं भाडं नाही, कारण जागा मित्राची, इमर्सनची. आणि सुरुवातीची कुऱ्हाड उसनी. बरं, मुक्काम किती? दोन वर्षं दोन महिने. स्वावलंबनाच्या पुस्तकात कुणाची जागा आणि कुणाची कुऱ्हाड, हे प्रकरण नेहमी गाळलेलं असतं.

एकांडा शिलेदार

गाळलेलं कुठे? कुऱ्हाड उसनी आणली हे त्याने स्वतःच लिहिलंय, आणि परत देताना आणली तेव्हापेक्षा जास्त धारदार होती हेही. वाचलं असतंत तर कळलं असतं. पण वाचायचंच नाही असा पण असेल तर असो.

चिऊताई

मी पुस्तकांच्या बाजूने. शिलेदारांच्या यादीतल्या सातव्या पुस्तकावरून मी तीन वर्षं हिरव्या शेंगा बरण्यांत भरते आहे. स्वच्छ बरण्या, हवाबंद झाकण, तीन तास उकळत्या पाण्यात. वर्षभर टिकतात. ना आजी लागल्या ना काकू.

कानामात्रा

चिऊताई, उरलेल्या बरण्या कृपया उघडू नका. गंमत करत नाहीये.

शेंगा आम्लधर्मी नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, तीन तास उकळा नाहीतर पाच तास. उलट उकळून तुम्ही बाकीचे जंतू मारता, हवा काढून टाकता आणि त्या एकाला निर्वेध घर देता. सामू (pH) ४.६ च्या वर, म्हणजे पुरेसं आंबट नसलेलं काहीही बरणीत भरायचं तर दाबाखाली ११६ ते १२१ अंश लागतात, तेही बरणीच्या मापाप्रमाणे ठरलेला वेळ. तो जंतू बरणीत जे विष तयार करतो त्याला वास असेलच असं नाही, चव बदलेलच असं नाही, झाकण फुगेलच असंही नाही.

चिऊताई

तीन वर्षं खातोय. घरात पाच माणसं. कुणाला ढेकरसुद्धा वाकडा आलेला नाही. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

बांधावरचा

आता एवढं घाबरवायचं म्हणजे जरा जास्तच. माझ्या आत्याने आयुष्यभर असंच भरलं आणि ती नव्वदी पार करून गेली. तीन वर्षांचा स्वतःचा अनुभव आहे त्यांचा. प्रयोगशाळेत बसून बोलणं सोपं असतं.

कानामात्रा

वा! धागा काढला कुणी आणि आत्याबाईंचा दाखला देतंय कोण! तुमचा अनुभव शेळीच्या बाबतीत खरा, कारण चूक केली की शेळी आठव्या दिवशी दाखवते. इथे चूक हजारदा दिसत नाही आणि एकदा दिसते तेव्हा डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू, पापण्या मिटायला लागतात, घास गिळवत नाही, मग श्वास. १८९५ साली बेल्जियममध्ये एका अंत्ययात्रेला वाजवायला गेलेल्या वादकांनी मिठातलं हॅम खाल्लं, तिघे गेले. त्या हॅममधूनच हा जंतू पहिल्यांदा वेगळा काढला. हॅम करणाऱ्याचाही अनुभव दांडगाच असणार.

तुमच्या अनुभवाच्या गोष्टीला उत्तर म्हणून नाही, खरंच विचारतो, चिऊताई: बरणीतून काढल्यावर शेंगा तशाच खाता की शिजवता?

चिऊताई

तशाच कोण खातं? पंधरा-वीस मिनिटं खळखळून शिजवते.

कानामात्रा

मग तुम्हाला बरणीने नाही, पातेल्याने वाचवलंय. बीजाणू उकळून मरत नाहीत, पण त्यांनी तयार केलेलं विष दहा मिनिटं खळखळून उकळलं की नष्ट होतं. ज्या दिवशी घाईत कुणी दोन शेंगा गार सॅलडमध्ये टाकेल, त्या दिवशी सातवं पुस्तक मदतीला येणार नाही.

खुरपं

मुळात शेंगा बरणीत कोंबायच्याच कशाला? झाडावर वाळू द्या, दाणे काढा, डब्यात भरा. विस्तव नको, झाकण नको, बेल्जियमही नको. हिरव्याच हव्यात तर मिठाच्या पाण्यात आंबवा, तिथे आम्ल आपोआप तयार होतं. पण काचेच्या बरण्यांची रांग फोटोत छान दिसते ना. स्वावलंबन सध्या फळीवर मांडण्याची गोष्ट झालीय.

चिऊताई

माझ्या घरी फोटो काढायला कुणी येत नाही. उन्हाळी बाग एकदम देते आणि टाकवत नाही म्हणून भरते. तुम्हाला कुणी विचारलं होतं?

निरुद्योगी

मी फक्त कुऱ्हाडीबद्दल बोललो होतो. धागा शेंगांवर कसा आला ते कुणी सांगेल का?

एकांडा शिलेदार

काल रात्री १४ च्या १४ खाली काढली. साठवणीवर सहा पुस्तकांत प्रकरण आहे. तिघांत शेंगांना उकळतं पाणी दिलंय. एकात तर शिळा वास आला तर टाका, एवढीच खबरदारी. तिन्ही जुनी, तिन्ही माझ्या लेखात 'अवश्य संग्रही ठेवा' म्हणून दिलेली. लेखात दुरुस्ती टाकली आहे. चिऊताई, माफी मागतो. पाचव्या पुस्तकात मात्र सामूपासून सगळं नीट आहे, कानामात्रा म्हणतात तेच. मी ते पान वाचल्याची खूणही केली होती. म्हणजे दोन पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होती आणि माझ्या लक्षातच आलं नाही.

बांधावरचा, खूश व्हा.

बांधावरचा

होणारच होतो, पण आत्याने घात केला. या एका बाबतीत पुस्तक बरोबर आणि मी चूक, घ्या, लिहून दिलं. तरी एक सांगतो: बाटलीबंद अन्नाची रीत शोधणारा आप्पेर हा हलवाई. वर्षानुवर्षं हाताने करून बघितलं, मग १८१० मध्ये पुस्तक छापलं, तेव्हा जंतूंमुळे अन्न नासतं हे दाखवणाऱ्या पाश्चरचा जन्मही व्हायचा होता. आधी हात, मग पुस्तक.

कानामात्रा

आणि आप्पेरला ते का टिकतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेंगा तोही उकळत्या पाण्यातच ठेवायचा.

बांधावरचा

तुम्हाला शेवटचा शब्द हवाच असतो का?

चिऊताई

अकरा बरण्या उरल्या होत्या. झाकण न उघडता तशाच पिशव्यांत बांधून टाकल्या. रडू आलं, खोटं कशाला सांगू. नेहमीचा कुकर चालेल का पुढच्या खेपेला?

कानामात्रा

नाही. लहान कुकर झटकन तापतो आणि झटकन निवतो. तक्त्यातले वेळ मोठ्या, दाबाचा काटा असलेल्या भांड्यासाठी काढलेले असतात, ते त्याला लागू पडत नाहीत. उंचावर राहत असाल तर दाबही वाढवावा लागतो, दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं. तपासलेले तक्ते घ्या, अंदाजपंचे नको. तोवर खुरपं म्हणतात तसं वाळवा, त्यांचा स्वर सोडून.

बांधावरचा

हे तक्ते शिलेदारांच्या कुठल्या पुस्तकात आहेत?

एकांडा शिलेदार

पूर्ण कुठल्याच नाहीत. पंधरावं घ्यावं लागेल.

निरुद्योगी

वाचनालयातून आणा हो. आणि कुऱ्हाडीसारखं परत करा.