मदत हवी आहे : पंचवटीतले हे पाच डबे कोणाचे?

नमस्कार मंडळी. आईचा पाय मोडला तेव्हा सहा आठवडे आमच्या घरी जवळजवळ रोज कोणी ना कोणी डबा आणून दिला. कधी पिठलं-भाकरी, कधी नुसती गरम मुगाची खिचडी. मी कामावर असायचो, आई झोपलेली असायची, त्यामुळे डबा दाराच्या कडीला अडकवलेला मिळायचा. आता आई काठी घेऊन चालतेय आणि ओट्यावर पाच डबे उरलेत.

त्यातल्या एका पितळी डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलंय, पण घासून घासून फक्त 'मावशीकडून १२-५-८४' एवढंच वाचता येतं. म्हणजे लग्नातला आहेर असणार, तो तर नक्की परत जायला हवा. दुसऱ्याच्या झाकणाला हिरवा दोरा बांधलाय. बाकीचे तीन साधे स्टीलचे. काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाजवळच्या गल्लीत कोणी ओळखत असेल तर कृपया सांगा.

आणखी एक विचारायचं होतं. आई म्हणते, डबा रिकामा परत करायचा नाही. सध्या द्राक्षं छान आलीत, पण डब्यात फार वेळ राहिली तर मऊ पडतात. चिवडा द्यावा का? की साखर घालून मोकळं व्हावं? काही घरांत मधुमेह असेल, म्हणून विचारतोय. रंगपंचमीला सगळे रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर, जातील, घरी कोणी भेटणार नाही. त्याआधी पोचवायचे आहेत.