स्वराने गोधडीला ‘जी’ लिहिला: पहिली-दुसरीच्या इंग्रजी वर्कशीटवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

स्वराची आई (बी-४०४): नमस्कार. पहिलीतल्या मुलांच्या पालकांना विचारायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीसाठी शाळेने इंग्रजी वर्कशीटचा गठ्ठा दिलाय. तुमची मुलं करतात का हो? स्वरा पान बघितलं की रडायलाच लागते. ‘चित्र बघा आणि शब्दाचं पहिलं अक्षर लिहा’ असं एक पान आहे. आठातली पाच चुकली, आणि का चुकली हे तिला काही केल्या कळेना.

आर्याचे बाबा (सी-५०१): आमच्याकडेही तोच गठ्ठा आहे. मी नेटवरून सरावाला अजून बरीच पानं उतरवून ठेवलीत. हवी असतील तर इथे टाकतो. जितका सराव तितकं पक्कं.

शिंदेबाई (ए-१०२): स्वराची आई, त्या पानाचा फोटो टाकतेस का? तिने लिहिलंय ते खोडू नकोस, तसंच राहू दे.

स्वराची आई (बी-४०४): (फोटो)

शिंदेबाई (ए-१०२): सगळ्यांनी हे पान नीट बघा. गोधडीच्या चित्राखाली तिने ‘जी’ लिहिलाय. जहाजाखाली ‘जे’. छत्रीखाली ‘सी’. पतंगाखाली ‘पी’. घरट्याखाली परत ‘जी’. अगं, पोरीने किती छान काम केलंय! चित्र बघून मनात गोधडी म्हणाली, पहिला आवाज ‘ग’ ऐकला आणि त्याचं अक्षर लिहिलं. शब्दातला पहिला आवाज वेगळा काढायचा आणि अक्षराशी जोडायचा, पहिलीत एवढंच तर शिकवायचं असतं. ते तिला येतं. क्विल्ट, शिप, अम्ब्रेला, काइट, नेस्ट हे शब्द तेवढे तिच्या कानावरून गेलेले नाहीत. पानाला वाटतंय आपण आवाज तपासतोय, आणि तपासले जातायत शब्द.

वेदांतची आई (डी-३०३): बाई, आत्ता आमचं पान उघडून बघितलं. याकच्या चित्राखाली ‘एम’ आहे! मी काल रागावले त्याला. म्हैस म्हणाला असणार तो 😔

शिंदेबाई (ए-१०२): म्हैसच म्हणाला. याक त्याने कुठे बघितलाय? ही पानं बहुतेक करून घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांसाठी तयार झालेली असतात. त्या मुलाला क्विल्ट हा शब्द आधीच येतो, फक्त त्याचं अक्षर शिकायचं असतं. आपल्या मुलांना एकाच वेळी शब्द, आवाज, अक्षर आणि ते चार रेघांत बसवणं अशी चार कामं पडतात. त्यातलं एक अडलं की पूर्ण पान अडतं, आणि लाल फुली मात्र ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून बसते.

आबा (बी-२०३): आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. तोवर मराठी वाचन-लेखन पक्कं झालेलं असे.

शिंदेबाई (ए-१०२): हो आबा. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी घेत होते. लवकर सुरू करायला हरकत काहीच नाही, लहान मुलांचा कान फार तयार असतो. पण मग सुरुवात कानापासूनच व्हायला हवी. कागद सगळ्यात शेवटी.

आर्याचे बाबा (सी-५०१): म्हणजे बाई, सराव करूच नये असं म्हणताय का? आर्याच्या वर्गातली काही मुलं वाक्यं लिहायला लागलीत.

शिंदेबाई (ए-१०२): अहो, सराव हवाच. पण जे तोंडात आहे त्याचा. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स. मोठ्याने सूचना द्यायची, मुलाने ती अंगाने करून दाखवायची. स्टँड अप. टच युअर नोज. पुट द स्पून अंडर द चेअर. मुलाने एक शब्दही बोलायची सक्ती नाही. तान्हं बाळ बोलायच्या कितीतरी आधी ‘टाटा कर’, ‘बॉल दे’ समजून करतंच की. आधी समजतं, मग बोलणं येतं.

आजच करून बघा. आर्याला म्हणा, पुट द कप ऑन द टेबल. मग अंडर द टेबल. मग बिहाइंड द डोअर. आठवडाभर घरात हा खेळ चालू द्या. त्यानंतर ऑन, अंडर, बिहाइंडचं वर्कशीट तिच्यापुढे ठेवलंत तर पटापट होईल, कारण तिच्या हातांनी ते आधीच केलेलं असेल.

आर्याचे बाबा (सी-५०१): हे करून बघतो. पण आम्ही दोघं रात्री आठला घरी येतो. तेव्हा कागदच सोपा पडतो, खरं सांगतो.

शिंदेबाई (ए-१०२): समजतं मला. म्हणून वेगळा वेळ काढू नका. जेवताना ताटं मांडायची असतातच. गिव्ह मी अ स्पून, गिव्ह मी टू प्लेट्स. झालं.

स्वराची आई (बी-४०४): बाई, ह्या गठ्ठ्याचं काय करू पण? सुट्टी संपल्यावर द्यायचाय.

ओमचे बाबा (डी-१०१): खरं तर केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असंच म्हटलंय. सगळ्या पालकांनी मिळून शाळेला पत्र द्यायचं का?

शिंदेबाई (ए-१०२): धोरणात तसं आहे, आणि पालकांनी ते बोलावंही. पण पहिलं पत्र तक्रारीचं नको. वर्गशिक्षिकेला स्वराचं हेच पान दाखवा आणि सांगा, हिने मराठी शब्दाचं पहिलं अक्षर लिहिलंय. कुठल्याही शिक्षिकेला ते बघून आनंदच होईल. आणि एक मागा: पुढचं वर्कशीट द्यायच्या आधी त्यातल्या चित्रांची नावं पालकांना कळवा, म्हणजे आठवडाभर घरात ते शब्द बोलले जातील. भरलेल्या वर्गात छापील पानांवाचून बाईंचंही चालत नाही, हे मी स्वतः वर्गात उभं राहून सांगते.

गठ्ठ्याचं म्हणशील, तर प्रत्येक पान आधी तोंडी कर. चित्रावर बोट ठेव आणि तू नाव सांग: धिस इज अ क्विल्ट, आपली गोधडी. मराठी शब्द अजिबात टाळू नकोस, त्यालाच धरून नवा शब्द बसतो. दुसऱ्या दिवशी तू नाव घे, तिला बोट ठेवू दे. तिसऱ्या दिवशी तिला नाव घेऊ दे. पेन्सिल त्यानंतर. आणि ज्या वस्तू घरात नाहीत, गोष्टीत नाहीत, रस्त्यावर नाहीत, त्या सरळ सोडून दे. इग्लू आणि झायलोफोनवाचून पहिली अडत नाही.

वेदांतची आई (डी-३०३): बाई, वेदांत स्मॉल बी आणि डी सतत उलटे लिहितो. आणि स्मॉल ‘ए’ वाचताना गोंधळतो, लिहिताना नाही.

शिंदेबाई (ए-१०२): बी-डी ह्या वयात खूप मुलांचं होतं. एका वेळी एकच घट्ट करा. बी पक्का होईपर्यंत डी समोर आणू नका. दोन्ही एकाच पानावर शेजारी छापले की गोंधळ वाढतोच.

‘ए’चं कारण छपाईत असतं. लिहिताना आपण ‘ए’ म्हणजे गोल आणि काठी शिकवतो. पुष्कळशा छापील अक्षरांत त्याच्या डोक्यावर वाकडी शेपटी असते. मुलाला ते वेगळंच अक्षर वाटतं. घरी पान बनवत असाल तर गोल-काठीचा ‘ए’ असलेला फॉन्ट घ्या. कॉमिक सॅन्समध्ये तसा आहे. अक्षर मोठं, एका पानावर एकच सूचना, पाच-सहा चित्रं बास. चित्रं नुसत्या रेघांची घ्या, रंगीत चित्राची झेरॉक्स काळीकुट्ट येते. आणि आपलं देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी खालच्या रेघेवर बसतं. त्यामुळे चार रेघी वहीत मुलं सुरुवातीला अक्षरं तरंगती काढतात. वरून तिसरी रेघ रंगीत पेनने गिरवून द्या, अक्षरं आपोआप खाली टेकतात.

आबा (बी-२०३): ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शिंपले, पानं घेऊन मुलांना शिकवलं. छापील काहीच नव्हतं. आमच्या हिला त्यांचं फार कौतुक होतं.

शिंदेबाई (ए-१०२): आबा, अगदी. चिंचोके घेऊन अक्षराच्या आकारावर मांडायचे, ठिपक्यांची रांगोळी काढायची. बोटांत जोर येतो तो ह्यातून. पाच-सहा वर्षांच्या हाताला पेन्सिल लवकर जड होते. म्हणून लिहिण्याऐवजी कापून चिकटवायचं वर्कशीट मला जास्त आवडतं. ज्याला लिहिता येत नाही पण कळलंय, त्याला ते दाखवता येतं.

आर्याचे बाबा (सी-५०१): बाई, मी उतरवलेली पानं टाकू का इथे? काही पैसे देऊन घेतलेली आहेत.

ओमचे बाबा (डी-१०१): पैसे देऊन घेतलेली नका टाकू. ती कुणा शिक्षिकेनेच बनवून विकलेली असतात. फुकट चांगलं पुष्कळ आहे. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात. ब्रिटिश कौन्सिलच्या मुलांच्या पानावर वर्कशीट आहेत. आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मुलांच्या गोष्टींची साइट, २०१५ पासून आहे. तिथे खूपशा गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात, छापूनही घेता येतात.

शिंदेबाई (ए-१०२): स्टोरीवीव्हर फार चांगलं. गोष्ट आधी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असली की अनोळखी शब्दाचा अंदाज मुलं स्वतः बांधतात.

स्वराची आई (बी-४०४): बाई, तुम्ही शनिवारी मुलांना तासभर घ्याल का? आम्ही आया मदतीला येऊ.

शिंदेबाई (ए-१०२): घेईन की, आनंदाने. आणि वॉचमनदादांच्या मुलालाही बोलवा. तिसरीत आहे, महापालिकेच्या शाळेत. मराठी सुंदर वाचतो. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी २०२६-२७ हे साल ठरवलंय. तो मराठीत तिथे पोचलेला आहे. मराठी गोष्ट तोच वाचून दाखवेल.

पहिल्या दिवशी एकच वर्कशीट, आणि ते बसून करायचं नाही. कागदावर सहा चित्रं: आंबा, केळं, दूध, अंडं, पोळी, आइस्क्रीम. शेजारी दोन रकाने, यस आणि नो. मुलांनी पार्किंगमध्ये फिरून मोठ्यांना विचारायचं, डू यू लाइक मँगो? आणि खूण करायची. उत्तर आधी माहीत नसतं, म्हणून विचारायला खरं कारण मिळतं. लिहायचं काहीच नाही, पण तोच प्रश्न तोंडातून वीस-पंचवीस वेळा जातो. मोठ्यांना विनंती: पूर्ण उत्तर द्या, यस, आय डू किंवा नो, आय डोंट. आणि मुलाचा उच्चार सुधारायला थांबवू नका. तुमच्या उत्तरात तो शब्द नीट म्हणा, पुरे.

दुसरा खेळ जोडीचा. दोघांकडे एकाच खोलीचं चित्र, पण एकाच्या चित्रात मांजर टेबलाखाली, दुसऱ्याच्यात खुर्चीवर. एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारून फरक शोधायचे. ही चित्रं मी काढते, मला आवडतं ते.

आबा (बी-२०३): मी चार वाजल्यापासून पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतो. मला विचारा म्हणावं. अंडं नो.

सचिव (ए-५०४): क्लबहाऊस शनिवारी ५ ते ६ मुलांसाठी ठेवलं आहे. पार्किंगचा गेटजवळचा भाग त्या वेळेत गाड्यांसाठी बंद राहील. वॉचमनदादांशी मी बोलतो.

आर्याचे बाबा (सी-५०१): सर्वेक्षणाच्या कागदाच्या झेरॉक्स माझ्याकडून. बाई, तुम्ही काढलेलं चित्र मला शुक्रवारपर्यंत द्या. आणि आत्ता जेवताना करून बघितलं, आर्याने चमचा ‘बिहाइंड द आजी’ ठेवला.

शिंदेबाई (ए-१०२): वा! बिहाइंड आलं की. चित्र गुरुवारी देते. कॉपी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला, वर व्हाइटबोर्ड मार्करने खुणा करता येतात आणि पुसून पुढच्या शनिवारी तोच कागद चालतो. कापून चिकटवायला कात्र्या बोथट टोकाच्या आणा, प्रत्येकी एक. गोंद माझ्याकडे आहे.

वेदांतची आई (डी-३०३): कात्र्या मी आणते. एक्स्ट्रा दोन आणते, कुणीतरी विसरतंच.